विश्लेषण : घरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून स्तनकर्करोगाची आनुवंशिकता ओळखणारे पॉल ब्रोका कोण होते? 'बीआरसीए' जनुकाने त्यांचे म्हणणे कसे खरे ठरवले?

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पॉल ब्रोका हे नाव मेंदूमुळे माहीत असते. आपण बोलतो तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूचा जो भाग कामाला लागतो, त्याला आजही 'ब्रोका एरिया' म्हणतात. मात्र याच फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६६मध्ये छापलेल्या एका ग्रंथात एका कुटुंबातील मृत्यूंची यादी दिली होती. त्या घरातल्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या स्तनाच्या कर्करोगाने दगावत होत्या आणि हा योगायोग नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तेव्हा जनुक हा शब्दही अस्तित्वात नव्हता. कुटुंबाचे नाव ग्रंथात नव्हते. पण ते त्यांच्या पत्नीचे माहेर होते, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. ब्रोका यांचे आयुष्य, ती यादी आणि सव्वाशे वर्षांनंतर तिला मिळालेले जनुकीय उत्तर, याविषयी जाणून घेऊ.

पॉल ब्रोका कोण होते?

पिएर पॉल ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सेंत-फ्वा-ला-ग्रांद या छोट्या गावात झाला. वडील डॉक्टर होते आणि त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. आई प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची मुलगी. कॅथलिकबहुल फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट असणे म्हणजे अल्पसंख्य असणे. वाचन, शिक्षण आणि स्वतंत्र विचार यांना त्या घरात मोठा मान होता.

मुलगा गणितात आणि भौतिकशास्त्रात हुशार होता. वयाच्या सतराव्या वर्षी तो पॅरिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि इतर मुले ज्या वयात वैद्यकाचे शिक्षण सुरू करत, त्या विसाव्या वर्षी त्याचे शिक्षण पूर्ण झाले. पुढे पॅरिसच्या रुग्णालयांत नामवंत शल्यचिकित्सकांच्या हाताखाली उमेदवारी, शरीररचनाशास्त्राचे अध्यापन, १८४९मध्ये एमडी आणि १८५३मध्ये रुग्णालयातील शल्यचिकित्सकाचे पद, अशा पायऱ्या त्यांनी भराभर चढल्या.

गणिताची सवय मात्र सुटली नाही. रुग्ण पाहायचा, मृत्यूनंतर शवविच्छेदन करायचे, मोजायचे आणि नोंदवून ठेवायचे, ही त्यांची पद्धत आयुष्यभर कायम राहिली. त्यांचे सर्वांत मोठे यश या पद्धतीतून आले आणि सर्वांत मोठी चूकही.

कर्करोगाकडे ते कसे वळले?

आज गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कर्करोगाचे निदान पक्के होत नाही. १८५०च्या आसपास पॅरिसमध्ये परिस्थिती उलट होती. गाठ हाताने चाचपायची, कापून डोळ्यांनी पाहायची आणि अनुभवावरून ठरवायचे, असा ज्येष्ठ शल्यचिकित्सकांचा शिरस्ता होता. सूक्ष्मदर्शक म्हणजे तरुणांचा छंद, असे मानणारे कमी नव्हते. १८५४च्या सुमारास तिथल्या वैद्यक अकादमीत यावरून मोठा वाद झाला.

ब्रोका या वादात सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने होते. कर्करोगाच्या विकृतीशास्त्रावर त्यांनी लिहिलेल्या दीर्घ निबंधाला वैद्यक अकादमीचे पोर्ताल पारितोषिक मिळाले होते. कर्करोगाच्या पेशी शिरांमध्ये शिरून शरीरात दूरवर पसरतात, हे त्यांनी दाखवून दिले होते.

अर्थात, त्यांचे सगळेच बरोबर नव्हते. कर्करोगाची म्हणून एक ठरावीक आकाराची खास पेशी असते आणि ती दिसली की निदान झाले, या तेव्हाच्या सिद्धांतावर त्यांचा विश्वास होता. पुढे तो चुकीचा ठरला. कर्करोगाची पेशी ही बाहेरून आलेली वेगळी वस्तू नसते, तर शरीराचीच बिघडलेली पेशी असते. हा बिघाड कुठे होतो, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

ती यादी काय होती?

१८५७मध्ये ब्रोका यांचा विवाह अदेल ओगुस्तिन ल्युगोल यांच्याशी झाला. अदेल या डॉ. ज्याँ ल्युगोल यांची कन्या. हे नाव वैद्यकात आजही रोज घेतले जाते. आयोडीनच्या ज्या द्रावणाला 'ल्युगोल्स आयोडीन' म्हणतात, ते याच डॉक्टरांचे. प्रयोगशाळेत जिवाणू रंगवण्यासाठी ते वापरतात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरांमध्येही. ब्रोका दाम्पत्याला तीन अपत्ये झाली : पोलिन ही मुलगी, ओग्युस्त आणि आंद्रे हे मुलगे. दोन्ही मुलगे पुढे वैद्यकात प्राध्यापक झाले.

लग्नानंतर नऊ वर्षांनी, १८६६मध्ये, ब्रोका यांच्या गाठींवरील दोन खंडी ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याचे फ्रेंच नाव 'त्रेते दे त्युमर'. कर्करोग आनुवंशिक असतो का, या प्रश्नाची चर्चा करताना त्यांनी त्यात एका घराण्याची हकीकत दिली. घराण्याची मूळ स्त्री 'मादाम झेड'. १७८८मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी त्या स्तनाच्या कर्करोगाने वारल्या. त्यांना चार मुली होत्या. दोघी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या आणि दोघी यकृताच्या. पुढे नाती, पणत्या. कोण कोणत्या वयात, कशाने गेले याची नोंद १८५६पर्यंत येऊन थांबते. घराण्यातल्या २४ स्त्रियांपैकी १० जणी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावल्या होत्या.

नावे नाहीत, शोक नाही. फक्त अक्षरे, वये आणि मृत्यूची कारणे. पण आज रुग्णालयात जनुकीय समुपदेशक कागदावर जो कुटुंबवृक्ष काढतात, त्याचीच ही शब्दांतली आवृत्ती होती.

त्यातून त्यांनी निष्कर्ष कसा काढला?

एका घरात दोन-तीन जणांना कर्करोग झाला म्हणजे तो आनुवंशिक, असे म्हणता येत नाही. कर्करोग सर्रास आढळणारा आजार असल्याने मोठ्या कुटुंबात निव्वळ योगायोगानेही दोन-तीन रुग्ण सापडू शकतात. ब्रोका यांना ही अडचण माहीत होती. म्हणून त्यांनी एकेका मृत्यूची गोष्ट सांगण्याऐवजी आकड्यांचा आधार घेतला. सर्वसाधारण लोकसंख्येत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या तुलनेत या घराण्यातले प्रमाण इतके जास्त होते, की ते योगायोगाच्या खाती टाकता येत नव्हते. काहीतरी वारशाने येत होते. ते 'काहीतरी' म्हणजे प्रत्यक्ष आजार नव्हे, तर आजाराकडे असलेला कल, असे त्यांचे मत होते.

दुसरी गोष्टही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. वारसा एकच असला, तरी कर्करोग प्रत्येक वेळी त्याच अवयवात होत नव्हता. मादाम झेड यांच्या दोन मुलींच्या नावापुढे यकृत लिहिलेले होते. आजच्या ज्ञानाच्या आधारे याचा अर्थ लावता येतो. स्तनाचा कर्करोग यकृतात पसरतो आणि बीजांडकोशाचा कर्करोग पोटभर पसरतो. क्ष-किरण, सोनोग्राफी काहीच नसलेल्या काळात अशा मृत्यूंची नोंद यकृताचा आजार म्हणून होणे स्वाभाविक होते. स्तन आणि बीजांडकोश यांचे कर्करोग एकाच घरात आढळणे, ही आज आनुवंशिक कर्करोगाची ठळक खूण मानली जाते.

योगायोग असा, की त्याच १८६६ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्याच्या रोपांवरचा निबंध छापून आला. आई-वडिलांकडून गुण मुलांकडे कोणत्या हिशेबाने येतात, याचे गणित त्यात होते. ब्रोका यांच्याकडे घराणे होते आणि मेंडेल यांच्याकडे नियम. मेंडेल यांच्या निबंधाकडे १९००पर्यंत जगाने लक्षच दिले नाही.

मग ब्रोका प्रसिद्ध झाले ते कशामुळे?

एप्रिल १८६१मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात ब्रोका यांच्या शल्य विभागात एक रुग्ण आला. पायाला गँगरीन झाले होते. हा माणूस २१ वर्षे त्याच रुग्णालयात राहत होता आणि काहीही विचारले तरी 'टॅन' एवढेच उच्चारत असे, म्हणून सगळे त्याला टॅन म्हणत. आडनाव लेबोर्न्य. त्याला बोललेले समजत होते, हातवाऱ्यांनी तो उत्तरही देत होता. फक्त शब्द बाहेर पडत नव्हते.

१७ एप्रिलला तो वारला. ब्रोका यांनी शवविच्छेदन करून दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या सभेत मांडला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात मोठी इजा होती. आणखी रुग्णांचे मेंदू तपासल्यावर इजा बहुतांशी डावीकडेच असल्याचे दिसले आणि १८६५मध्ये बोलण्याचे काम मेंदूची डावी बाजू करते, असे त्यांनी मांडले. मार्क दाक्स या डॉक्टरांनी १८३६मध्येच असे निरीक्षण नोंदवल्याचे त्यांच्या मुलाने पुढे आणले आणि श्रेयाचा वाद झाला. तरी शवविच्छेदनाचा पक्का पुरावा ब्रोका यांच्याकडे होता.

लेबोर्न्य यांचा मेंदू जपून ठेवला गेला. २००७मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची एमआरआय तपासणी केली, तेव्हा इजा ब्रोका यांना वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोलवर गेलेली असल्याचे आढळले. नमुना जपल्यामुळेच दीडशे वर्षांनी ही दुरुस्ती करता आली.

त्यांच्या कामाची काळी बाजू कोणती?

ब्रोका यांनी १८५९मध्ये मानववंशशास्त्र संस्था स्थापन केली. सरकारला या मंडळींचा इतका संशय होता, की सुरुवातीच्या सभांना साध्या वेशातला पोलीस हजर असे. राजकारणात ब्रोका प्रजासत्ताकवादी आणि विचारस्वातंत्र्याचे पुरस्करते होते. तरीही याच संस्थेत त्यांनी कवट्या मोजून मानवी वंशांची उतरंड लावण्याचे काम केले. सगळे मानव एकाच उगमातून आले, हे त्यांना मान्य नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीतही तेच. त्यांनी २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १,३२५ ग्रॅम आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंचे १,१४४ ग्रॅम काढले. पुरुषांचे शरीर मोठे असते, म्हणून मेंदूही मोठा असतो, हे त्यांना ठाऊक होते. पण या फरकातला किती भाग शरीराच्या आकारामुळे आहे, हे त्यांनी मोजले नाही. उरलेला फरक बुद्धीचा, असे त्यांनी आधीच गृहीत धरले होते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मिसमेझर ऑफ मॅन' या पुस्तकात ही चूक उलगडून दाखवली. मोजमापे बऱ्यापैकी अचूक होती, निष्कर्ष मात्र मोजण्याआधीच ठरलेला होता.

मादाम झेड यांच्या घराण्याबाबत त्यांनी योगायोगाची शक्यता आधी तपासली, मग निष्कर्ष काढला. कवट्यांबाबत दुसऱ्या शक्यतेला त्यांनी तशी संधीच दिली नाही. एकाच माणसाच्या दोन कामांतला हा फरक आहे.

१८८०च्या फेब्रुवारीत ते फ्रान्सच्या सिनेटचे तहहयात सदस्य झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावे कोरली आहेत, त्यांत ब्रोका यांचेही नाव आहे.

'काहीतरी वारशाने येते', ते नेमके काय, हे कधी कळले?

ब्रोका यांच्यानंतर शंभर वर्षे हा प्रश्न जवळपास तिथेच राहिला. कर्करोगामागे एकच एक जनुक असू शकते, हे अनेक शास्त्रज्ञांना पटत नव्हते. विषाणू, हवा, आहार, संप्रेरके अशा अनेक कारणांची चर्चा होती.

अमेरिकेतील संशोधिका मेरी-क्लेअर किंग यांनी १९७०च्या दशकात या प्रश्नाला हात घातला. १९८८मध्ये त्यांच्या चमूने दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या कुटुंबांचा सांख्यिकी अभ्यास प्रसिद्ध केला. थोड्या कुटुंबांमध्ये मेंडेलच्या नियमाने उतरणारे एक जनुक असले पाहिजे, असे त्यातून दिसत होते. मग त्यांनी २३ मोठी कुटुंबे घेतली. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण होते. गुणसूत्रांवरच्या खुणा आणि आजार एकत्र उतरतात का, हे पाहायचे होते. सगळी कुटुंबे एकत्र पाहिली तर चित्र धूसर होते. ज्या कुटुंबांत आजार तरुण वयात होत होता ती वेगळी काढली आणि चित्र स्पष्ट झाले. १९९०मध्ये त्यांनी जाहीर केले, की हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे.

मग जगभर शर्यत लागली. १९९४मध्ये अमेरिकेतील युटा येथील मार्क स्कॉल्निक यांच्या चमूने ते जनुक वेगळे काढले. त्याचे नाव बीआरसीए-१. १९९५मध्ये ब्रिटनमधील मायकल स्ट्रॅटन यांच्या चमूने १३व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ शोधले. हे नाव ब्रेस्ट आणि कॅन्सर या इंग्रजी शब्दांच्या पहिल्या दोन-दोन अक्षरांचे बनले आहे. ब्रोका या नावाशी असलेले त्याचे साम्य मात्र जाणकारांच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

मादाम झेड यांच्या घराण्याची जनुकीय चाचणी झालेली नाही. पण पिढी न चुकता उतरणारा स्तनाचा कर्करोग आणि सोबत पोटातले कर्करोग, हा नमुना बीआरसीए कुटुंबांशी जुळतो.

बीआरसीए जनुक कर्करोग 'करते' का?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. 'तिच्यात बीआरसीए जनुक आहे', असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ही जनुके प्रत्येक माणसात असतात, स्त्रीत आणि पुरुषातही. त्यांचे काम कर्करोग रोखणे हे आहे. अशा जनुकांना ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारी जनुके म्हणतात. अडचण येते ती त्यांत बिघाड झाला तर.

आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनए रोज हजारो ठिकाणी खराब होतो. सूर्यप्रकाश, किरणोत्सर्ग, तंबाखूतली रसायने ही बाहेरची कारणे झाली. पण पेशीचे रोजचे कामकाज आणि डीएनएची नक्कल होताना घडणाऱ्या चुकाही त्याला कारणीभूत असतात. डीएनए म्हणजे एकमेकांभोवती वळलेले दोन धागे. एक धागा तुटला तर समोरचा शाबूत धागा पाहून दुरुस्ती करता येते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की प्रसंग गंभीर होतो.

अशा वेळी पेशीकडे दोन मार्ग असतात. पहिला झटपट मार्ग : तुटलेली टोके जशी आहेत तशी जोडून टाकायची. यात मधली काही अक्षरे गळतात किंवा चुकीची टोके एकमेकांना जोडली जातात. दुसरा अचूक मार्ग : पेशी विभागण्याआधी डीएनएची जी दुसरी प्रत तयार झालेली असते, ती शोधायची आणि तिच्यावरून तुटलेला मजकूर जसाच्या तसा भरून काढायचा. फोनमधली फाइल खराब झाल्यावर बॅकअपमधून परत आणावी, तसे.

हा दुसरा मार्ग बीआरसीए प्रथिनांवर अवलंबून आहे. बीआरसीए-१ तुटलेल्या जागी पोहोचते आणि अचूक दुरुस्तीसाठी टोके तयार करायला मदत करते. बीआरसीए-२ हे 'रॅड-५१' नावाच्या प्रथिनाला आणून त्या टोकावर बसवते. रॅड-५१ दुसऱ्या प्रतीतला जुळणारा मजकूर शोधते. 'पॅल्ब-२' हे प्रथिन दोन्ही बीआरसीएंना जोडून ठेवते. त्यातल्या बिघाडानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

बीआरसीए निकामी झाले, की पेशी झटपट मार्गाने दुरुस्ती करत राहते. प्रत्येक वेळी थोड्या चुका होतात आणि त्या साठत जातात. यातली एखादी चूक पेशीची वाढ रोखणाऱ्या दुसऱ्या जनुकात झाली, की पेशी बेलगाम वाढू लागते. तीच गाठ.

वारसा असूनही काहींना कर्करोग का होत नाही?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. वारशाने बिघडलेली प्रत मिळाली, तरी दुसरी प्रत काम करत असते. स्कूटरचा एक ब्रेक निकामी असला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, तसे. आयुष्यात कधीतरी स्तनातील एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडली, तर त्या पेशीत दुरुस्ती बंद पडते. डोळ्यातल्या एका कर्करोगाच्या अभ्यासातून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१मध्ये ही 'दोन आघातां'ची कल्पना मांडली होती. जन्मतःच एक आघात झालेला असल्याने अशा व्यक्तींमध्ये कर्करोग लवकर, अनेकदा चाळिशीच्या आतही होतो.

म्हणजेच ब्रोका यांनी म्हटले तसे, वारशाने आजार नाही, आजाराचा कल येतो. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१मध्ये घातक बदल असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२मध्ये असलेल्या सुमारे ६९ टक्के स्त्रियांना ८० वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे प्रमाण अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के आहे. मात्र स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी फक्त ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. घरात कोणालाच नव्हता, मग मला कसा होईल, असे म्हणून तपासणी टाळणे म्हणूनच चुकीचे आहे.

वडिलांकडूनही वारसा येतो का?

हो. १७वे आणि १३वे गुणसूत्र स्त्री-पुरुष दोघांतही असते. बिघडलेली प्रत मुलगा किंवा मुलगी, दोघांकडेही जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी ५० टक्के असते. ज्या पुरुषाला स्वतःला काहीच झाले नाही, तोही ती मुलीला देऊ शकतो. त्यामुळे आत्याला, आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, कर्करोग झाला असेल, तर ती माहितीही मावशी आणि आईच्या माहितीइतकीच महत्त्वाची. पुरुषांमध्ये अशा बदलामुळे प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

या शोधाचा उपचारांत काय उपयोग झाला?

कर्करोगाच्या पेशीतली हीच कमजोरी तिच्याविरुद्ध वापरता येते. पेशीत 'पार्प' नावाचे प्रथिन एका धाग्याच्या तुटीची दुरुस्ती करते. ते औषधाने अडवले, तर या छोट्या तुटी साठतात आणि डीएनएची नक्कल होताना दोन्ही धाग्यांच्या मोठ्या तुटी होतात. निरोगी पेशीत बीआरसीए शाबूत असल्याने ती सावरते. कर्करोगाच्या पेशीत बीआरसीए नसल्याने तिच्यापुढे मार्ग उरत नाही आणि ती मरते. २००५मध्ये दोन संशोधन चमूंनी हे प्रयोगशाळेत दाखवले. या प्रकारच्या 'ओलापरिब' या औषधाला अमेरिकेत २०१४मध्ये बीजांडकोशाच्या आणि २०१८मध्ये बीआरसीए बदल असलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

या जनुकांच्या मालकीवरूनही लढाई झाली. ती वेगळी काढणाऱ्या कंपनीने त्यांचे पेटंट घेतले होते आणि अमेरिकेत चाचणीवर तिची मक्तेदारी होती. जून २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवर पेटंट घेता येत नाही, असा निर्णय दिला आणि इतर प्रयोगशाळांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी बीआरसीए-१मधील बदलामुळे दोन्ही स्तन काढून टाकल्याचे जाहीर केले आणि हे नाव जगभर घरोघरी पोहोचले.

चाचणीचा विचार कोणी करावा?

सरसकट सगळ्यांना ही चाचणी लागत नाही. पुढील बाबी घरात असतील, तर डॉक्टरांशी बोलणे योग्य ठरते.

- कमी वयात, साधारण पन्नाशीच्या आत, स्तनाचा कर्करोग झालेली व्यक्ती
- एकाच व्यक्तीच्या दोन्ही स्तनांत कर्करोग
- आई किंवा वडिलांच्या एकाच बाजूला स्तनाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण
- बीजांडकोशाचा कर्करोग
- पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग
- 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारचा स्तनाचा कर्करोग

चाचणी रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. शक्यतो ज्या व्यक्तीला कर्करोग झाला आहे, तिची चाचणी आधी करतात. तिच्यात घातक बदल सापडला, तर इतर नातेवाइकांमध्ये नेमका तोच बदल शोधता येतो. काही वेळा ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही, असा बदल सापडतो. केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत. म्हणूनच चाचणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशन आवश्यक मानले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. घातक बदल आढळल्यास कमी वयापासून एमआरआयसह नियमित तपासणी, औषधे किंवा धोका कमी करणारी शस्त्रक्रिया असे पर्याय असतात आणि निवड त्या व्यक्तीने करायची असते.

समुपदेशकाचा पहिला प्रश्न मात्र आजही तोच असतो, ज्याचे उत्तर ब्रोका यांनी १८६६च्या ग्रंथात मांडून ठेवले होते : घरात कोणाला, कोणत्या वयात, कशाचा कर्करोग झाला होता? आपल्याकडे अनेक घरांत आजीच्या मृत्यूचे कारण 'पोटाचा आजार' किंवा 'गाठ झाली होती' एवढेच सांगितले जाते. दोन्हीकडच्या आज्या, आत्या, मावश्या आणि काका-मामांची ही माहिती, वयासह, एका कागदावर लिहून ठेवायला कोणतीही चाचणी लागत नाही.